पेनरोज साहेबांचा सूर्य

शारजात त्या काळी कोकणातल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांत शिवणकाम करणारी एकटी बिलकीस. श्रीवर्धनहून निघताना तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं की शिवणाचं मशीन बरोबर आलं तरच मी येईन, नाहीतर तुम्ही एकटेच जा आणि आपली बटणं आपण लावा. हमदुल्लाने मशीन गोणपाटात बांधलं आणि आगबोटीवर ते मांडीशी धरून बसला. दुबईच्या खाडीत होडीत उतरवताना ते पाण्यात पडता पडता राहिलं. तेव्हा त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिची नक्कल बिलकीस पुढे कितीतरी वर्षं करून दाखवायची.

खजुराच्या झावळ्यांचं त्यांचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. सकाळी अरब बायका पोरांचे पायघोळ कंदुरे शिवायला टाकून जात, संध्याकाळी गावाबाहेरच्या तेल कंपनीच्या कॅम्पातल्या मडमा फ्रॉक घेऊन येत. तेल काही अजून सापडलं नव्हतं, पण कॅम्प होता, आणि हमदुल्ला तिथे खानसामा होता.

पासष्ट सालच्या मे महिन्यात कॅम्पाचे हिशेबनीस पेनरोज साहेब स्वतः दारात येऊन उभे राहिले. उंच, किंचित वाकलेले, नाकाची कातडी बारा महिने सोललेली. तरुणपणी ते पुण्याला पलटणीत होते आणि तिथलं हिंदुस्तानी त्यांनी जपून ठेवलं होतं. खांद्यावर पांढऱ्या लट्ठ्याचा अख्खा तागा होता.

“पाँच चोगा माँगता,” ते म्हणाले. “लंबा, पाँव तक. सिर ढकने का टोपी साथ में सिला हुआ. बटन नहीं. जेब नहीं.”

“जेब नहीं?” बिलकीसने विचारलं.

“बिलकुल नहीं. उधर कुछ ले जाने का नहीं है.”

बिलकीसच्या अंगावर सर्रकन काटा आला. पांढरा लट्ठा, खिसा नाही, बटण नाही, आणि पाच जणांचा एकदम. तिने साहेबांचं माप घेतलं, बाकीच्या चौघांची मापं त्यांनी नावांसकट कागदावर लिहून आणली होती. मापं देणारा माणूस मात्र मजेत शीळ घालत होता.

संध्याकाळी हमदुल्ला घरी आला तशी तिने त्याला चपला काढायचीही उसंत दिली नाही.

“अहो, कॅम्पात कुणाला काय झालंय?”

“काही नाही. का?”

“पाच माणसं मरायला टेकलीत आणि तुम्हाला पत्ता नाही? साहेब कफन शिवायला टाकून गेलेत!”

हमदुल्लाने तागा पाहिला, मापं पाहिली आणि तो खाटेवर बसला. “ही हॉजेस बाईंची मापं आहेत. नर्स ती. आज दुपारी दोन वेळा पुडिंग मागून घेतलं तिने. मरणारं माणूस दोन वेळा पुडिंग मागतं होय?”

दुसऱ्या दिवशी त्याने किचनमधून शोध लावला आणि जी बातमी आणली ती कफनापेक्षाही अवघड निघाली. विलायतेत फार फार पूर्वी, ख्रिस्ती धर्म तिकडे जायच्याही आधी, ड्रुइड नावाचे पुजारी होते. ते झाडांना मानत, सूर्याला मानत. मधल्या काळात ते नाहीसे झाले. आता काही साहेब लोकांनी तो धर्म पुन्हा काढला आहे. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, उजाडताना, ते पांढरे झगे घालून दगडांच्या रिंगणात उभे राहतात. पेनरोज साहेब त्यातले मोठे. कॅम्पातले आणखी चौघे त्यांनी तयार केले आहेत.

“पण साहेब ख्रिश्चन ना?” बिलकीसने विचारलं.

“तेही आहेत. ख्रिसमसला.”

बिलकीसने कापड गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. सूर्याची पूजा करणाऱ्यांचे कपडे आपण शिवायचे? याचा जाब आपल्याला विचारला जाणार नाही कशावरून? रात्रभर तिला ते कोपऱ्यातलं कापड पांढरं पांढरं दिसत राहिलं. सकाळी तिने हमदुल्लाला याकूबचाचांकडे धाडलं. याकूबचाचा मुरूडचे, गलबतांवर खजूर भरून मुंबईला पाठवायचे. चार धार्मिक पुस्तकं वाचलेली असल्यामुळे कोकणी मंडळींचे असले पेच त्यांच्याकडेच जात.

चाचांनी खूप वेळ दाढी कुरवाळली. “कापड ते कापड,” ते म्हणाले. “घालणारा त्यात काय करतो ते त्याच्या खात्यावर. माझा खजूर खाऊन कुणी चोरी केली तर मी चोर होत नाही. पण एक आहे. सूर्य नेमका वर येतो त्या घडीला आपल्याला नमाजची मनाई आहे, ठाऊक आहे ना? का, तर सूर्याला पुजणारे त्याच घडीला त्याच्यापुढे वाकतात म्हणून. म्हणजे ते फार जुने लोक आहेत. मला वाटलं होतं संपले.”

बिलकीसने झगे शिवले, आणि शिवले ते नीटच शिवले. वाईट टीप घालणं तिच्या हाताला जमतच नसे. शेवटच्या फिटिंगला हॉजेस बाई आल्या तेव्हा त्या झग्यात गरागरा फिरल्या आणि आरशापुढे थांबून म्हणाल्या, “बिलकीस, तू भी चलो. मैं अकेली औरत हूँ उधर.” हमदुल्लाला स्वयंपाकासाठी न्यायचं ठरलंच होतं, आणि त्याला एकट्याला जायची भीती वाटत होती. तेव्हा बिलकीसही निघाली.

जागा होती रास अल खैमाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. सर्वेवाल्यांबरोबर फिरताना पेनरोज साहेबांना तिथे दगडांचं एक गोल रिंगण सापडलं होतं. रस्ता असा नव्हताच. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून गाडी पळवायची, भरती आली की वर सरकायचं आणि रुतलं की सगळ्यांनी उतरून ढकलायचं. दिवसभर असं ढकलत ढकलत ते संध्याकाळी पोचले.

रिंगण खरंच होतं. छातीइतके उंच दगड, कडा तासून गुळगुळीत केलेले, एका बाजूला आत शिरायला वाट. पेनरोज साहेबांनी एका दगडावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

“चार हजार बरस,” ते पुटपुटले. “शायद जास्ती.”

बिलकीसचं लक्ष खाली गेलं. रिंगणभर लेंड्या पसरल्या होत्या आणि त्या चार हजार वर्षांच्या नव्हत्या. कालपरवाच्या होत्या. तिने हमदुल्लाला कोपर मारलं. त्याने डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

पहाटे पाचही जण झगे घालून तयार झाले. विलायतेत डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट घालतात म्हणे. इथे ओक कुठून आणायचा? पायथ्याला सिदराची झाडं होती, म्हणजे आपली बोरच. तिच्या डहाळ्यांचे मुकुट करून त्यांनी डोक्यावर ठेवले. काट्यांमुळे कुणालाच मान धड वळवता येईना. बिलकीस आणि हमदुल्लाने बाजूला जाऊन फजरची नमाज पढून घेतली आणि गाडीच्या आडोशाला बसून ते बघू लागले.

पेनरोज साहेबांनी घड्याळ पाहिलं, बैलाचं एक लांब शिंग तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं. मग हात पसरून इंग्रजीत मंत्र सुरू केला. बाकीचे मागून म्हणू लागले. हॉजेस बाईंचं घोकून झालेलं नव्हतं, त्या नुसते ओठ हलवत होत्या.

मंत्र संपला. सूर्य आला नाही.

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि मंत्र पहिल्यापासून घेतला. उजेड तर लख्ख झाला होता. दगड दिसत होते, माणसं दिसत होती, घामाने झगे पाठीला चिकटलेले दिसत होते. फक्त सूर्य तेवढा नव्हता. समोर पूर्वेला डोंगर भिंतीसारखा उभा होता.

तिसऱ्यांदा मंत्र संपल्यावर त्यांच्यातला सर्वेवाला हळूच म्हणाला, “सर, डोंगर मध्ये आहे.”

“मी वेळ काढली आहे,” साहेब म्हणाले. “क्षितिजाची वेळ आहे ती.”

“हो सर. क्षितिजावर डोंगर आहे.”

साहेबांनी मुकुट सरळ करून पुन्हा शिंग फुंकलं. ते नसतं फुंकलं तर बरं झालं असतं. वरच्या घळीतून खडखडाट ऐकू आला आणि शेळ्यांचा अख्खा कळप धावत खाली आला. ती त्यांची कोंडायची जागा होती, आणि हाक ऐकली की खायला मिळतं एवढं त्यांना ठाऊक होतं. वाटेतून त्या रिंगणात घुसल्या आणि पाचही जणांच्या भोवती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. वर पाहतात तो काय, प्रत्येकाच्या डोक्यावर बोरीचा पाला!

एका बोकडाने पुढचे पाय पाचांतल्या एकाच्या, कॅम्पाच्या रेडिओवाल्याच्या, छातीवर टेकवले आणि त्याचा मुकुट शांतपणे खायला घेतला. हॉजेस बाई किंचाळल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. पेनरोज साहेब मात्र हात पसरून तसेच उभे. एक शेळी त्यांच्या कमरेची दोरी चघळत होती आणि ते चौथ्यांदा मंत्र म्हणत होते. बिलकीसने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. असं हसायला तिला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

कळपामागून म्हातारा उतरला. डोंगरातला माणूस, अंगाने काटकुळा, हातात काठी आणि काठीच्या टोकाला दोन बोटं रुंदीची कुऱ्हाड. नाव सईद. आपल्या गोठ्यात पांढऱ्या झग्यातले पाच गोरे पाहून तो जागच्या जागी थांबला आणि हमदुल्लाकडे वळून अरबीत म्हणाला, “हे काय करतायत?”

हमदुल्लाने कुऱ्हाडीकडे पाहिलं. सूर्याची पूजा करतायत म्हणून सांगावं तर ती कुऱ्हाड कुठे जाईल कोण जाणे.

“इबादत करतायत,” तो म्हणाला.

“कुणाची?”

“जो सूर्य उगवतो ना रोज… त्याला उगवायला लावणाऱ्याची.”

“सुभानल्ला!” म्हातारा म्हणाला आणि त्याने काठी खाली टेकवली.

आता साहेबांना राहवेना. त्यांनी हमदुल्लाला विचारायला लावलं की हे देऊळ कुणी बांधलं.

“देऊळ कसलं? माझ्या आजोबाने रचलं हे शेळ्यांसाठी,” म्हातारा म्हणाला.

साहेबांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. “आणि दगड?” त्यांनी कसंबसं विचारलं. “दगड आजोबाने तासले?”

“छे! दगड इथेच पडले होते. ते आद लोकांचे. नूह पैगंबरांच्या नंतरचे, ताडामाडाएवढे उंच. काय बांधलं होतं त्यांनी, अल्लाला माहीत. अल्लाने त्यांना खलास केलं आणि दगड आमच्या शेळ्यांना राहिले.”

साहेबांच्या जिवात जीव आला. हॉजेस बाई बिलकीसच्या बाजूला येऊन बसल्या होत्या. त्या कानात कुजबुजल्या, “उस बूढ़े को मत बोलना. वो मंत्र पेनरोज ने खुद लिखा है. पिछले विंटर में, ऑफिस में बैठ के.”

बिलकीस चमकली. “मग जुनं काय आहे यातलं?”

बाईंनी थोडा विचार केला. “सूरज,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात रिंगणाच्या मधोमध एक गाभण शेळी खाली बसली आणि कण्हू लागली. म्हाताऱ्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पिल्लू आडवं आलं होतं. बिलकीसच्या माहेरी घरटी शेळ्या होत्या. तिने बाह्या वर केल्या, तेलाची बाटली मागितली आणि ती सरळ आत शिरली. “साहेब, डोकं धरा तिचं,” ती मराठीतच म्हणाली, आणि साहेबांना ते कळलं. विलायतेतल्या ड्रुइडांचे प्रमुख शेळीचं डोकं मांडीवर घेऊन लेंड्यांत बसले. हॉजेस बाई पलीकडून हात लावत होत्या. बाकीचे वाकून बघत होते. शेळी ओरडत होती आणि साहेब तिला इंग्रजीत “ओल्ड गर्ल, ओल्ड गर्ल” म्हणत थोपटत होते. अखेर बिलकीसच्या हाताला मागचे पाय लागले. तिने “बिस्मिल्ला” म्हणून ओढलं आणि ओलं काळं पिल्लू साहेबांच्या पांढऱ्या झग्यावर येऊन पडलं. क्षणभर ते हललंच नाही. साहेबांनी झग्याच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, नाकात फुंकर घातली आणि ते शिंकलं.

सगळे ओरडले. साहेब रडत होते की घाम होता, बिलकीसला कळलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं की आपली सावली पुढे पडली आहे. तिने मागे वळून पाहिलं. सूर्य डोंगरावर चांगला दोन हात वर आला होता. तो कधी आला, कुणीच पाहिलं नव्हतं. साहेबांनीही मान वर केली, तोंड उघडं टाकून त्याच्याकडे पाहिलं, उठून हात पसरले आणि ऊन लागून धाडकन आडवे झाले.

“मबरूक! मबरूक!” म्हातारा एकेकाचे हात हातात घेत मुबारकबाद देत होता. पिल्लासाठी म्हणतोय, असं सगळ्यांना वाटलं.

परतीच्या वाटेवर भरतीने गाठलं, गाडी रुतली आणि दुसरा दिवस उजाडला तरी ते वाळूतच होते. म्हातारा मात्र तूप विकायला खाली उतरला होता. ज्याच्या त्याच्या कानावर त्याने घातलं की पाच इंग्रज मुसलमान झाले. हाजींसारखे पांढरे एहराम घालून डोंगरात इबादत करत होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बाईने तर बिस्मिल्ला म्हणत माझी शेळी सोडवली. ती बातमी उंटांवरून, होड्यांतून, कुणाच्या तरी ट्रकवरून त्यांच्या आधी शारजात पोचली.

गाडी कॅम्पाच्या फाटकाशी आली तेव्हा तिथे गर्दी होती. कुणी खजूर आणला होता, कुणी हलवा. गावात ज्यांचा शब्द मानत ते कॉफीचे व्यापारी शेख राशिद अंगरख्याला अत्तर लावून उभे होते. आणि त्यांच्या शेजारी आपली लाकडी पेटी घेऊन न्हावी. न्हावी कशाला आला आहे हे हमदुल्लाच्या सगळ्यांआधी ध्यानात आलं आणि त्याने डोळे मिटून घेतले.

“हबीबी, अहलन!” शेख राशिदांनी साहेबांना मिठी मारली आणि त्यांच्यासाठी नावही ठरवून आणलंय म्हणून सांगितलं.

साहेब गोंधळले. हमदुल्लाने घाम पुसत त्यांना सगळं समजावलं. न्हावी सुंतेसाठी आला आहे तेही सांगितलं. साहेबांनी एकदा पेटीकडे पाहिलं. गप्प राहिले असते तर दोन घास हलवा खाऊन सगळं निभावलं असतं, न्हाव्याला उद्या ये म्हणता आलं असतं. पण माणूस सरळ होता. गावाकडे त्यांचे सख्खे भाऊ त्यांना हसत, बायकोने त्या झग्यापायीच घर सोडलं होतं, तरी त्यांनी ते कधी लपवलं नव्हतं.

“इनको बोलो, मैं मुसलमान नहीं,” ते म्हणाले. “मैं सूरज को मानता हूँ. बोलो.”

हमदुल्ला एक पाऊल मागे सरला. बिलकीस मागून म्हणाली, “अहो, आता तरी सरळ सांगा. तुमच्या अर्ध्या बोलण्यानेच हे झालंय.”

त्याने सरळ सांगितलं. गर्दीतून एक आवाज उठला आणि विरला. शेख राशिदांनी साहेबांकडे पाहिलं. सोललेलं नाक, लाल झालेलं कपाळ, अंगावर शेळीच्या वारेने बरबटलेला झगा. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. ऊन असं होतं की फाटकाच्या लोखंडी कडीला हात लावता येत नव्हता.

“सूर्याला?” ते म्हणाले. “इथे? या महिन्यात?”

“होय,” हमदुल्ला म्हणाला.

शेखसाहेबांचा चेहरा हळूहळू मवाळ झाला. “मिस्कीन,” ते म्हणाले. “बिचारा. हे केव्हापासून आहे त्याला?”

हमदुल्लाने विचारलं. साहेब ताठ उभे राहून म्हणाले, “हजारों साल से!”

“इतका जुना आजार!” शेखसाहेब कळवळले. त्यांनी गर्दीला समजावलं की ज्याचं भान ठिकाणावर नाही त्याचा हिशेब अल्ला मागत नाही, आपण कोण मागणारे? न्हाव्याला घरी पाठवलं. साहेबांना धरून सावलीत बसवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, ताक पाजलं. साहेब परोपरीने सांगू पाहत होते की हा आजार नाही, धर्म आहे. ते जितकं सांगत तितके लोक जास्त प्रेमाने मान डोलावत.

पुढे तो शिरस्ताच पडला. साहेब बाजारात दिसले की कुणीतरी छत्री घेऊन धावे. दुकानदार त्यांना हाताला धरून आत घेत आणि तोंड भिंतीकडे करून बसवत, म्हणजे त्यांना आकाश दिसू नये. आयुष्यात त्यांचं इतकं कुणी केलं नव्हतं आणि त्यांना त्याचा इतका संतापही कधी आला नव्हता. एक दिवस ते बिलकीसकडे येऊन तावातावाने बोलले.

तिने मशीन थांबवलं. “साहेब, एक विचारू? तुमच्या धर्मात जूनच लागतो का? डिसेंबरात नाही चालत?”

साहेब आठवू लागले. डिसेंबरातही एक सण असतो. सगळ्यात छोटा दिवस, त्यानंतर सूर्य परत वाढायला लागतो तो. त्यांच्याच मंडळात तो सण होता, पण विलायतेच्या थंडीपावसात कुणी यायला बघत नसे, म्हणून मागे पडला होता.

“आणि डोंगर नसलेली जागा बघा,” ती म्हणाली.

डिसेंबरात ते गावाच्या पूर्वेला सपाट वाळूत उभे राहिले. दगडही नव्हते आणि मुकुटही नव्हते, आणि जागा साहेबांनी या वेळी सर्वेवाल्याला निवडू दिली होती. आजारी माणसाला बघायला अर्धा गाव आला होता. शेकोट्या पेटल्या होत्या, कॉफी फिरत होती. याकूबचाचा म्हणाले की मी पाठ करून उभा राहतो, पण येतो. हॉजेस बाईंनी मंत्र पाठ केला होता, आणि या वेळी एकदाच म्हणावा लागला. सूर्य वाळूतून अगदी वेळेवर वर आला, लालबुंद, ज्याच्याकडे बघवतं असा. साहेबांनी हात पसरले. कुणी हसलं नाही. बिलकीस हमदुल्लाच्या शेजारी, शाल अंगाभोवती घट्ट ओढून उभी होती. ती सूर्याकडे न बघता साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. लग्नाच्या दिवशीचा नवरदेवही इतका खूश दिसत नाही, असं तिला वाटलं.

शेख राशिदांनीही त्यांना बराच वेळ न्याहाळलं आणि कपात कॉफी ओतून घेत ते समाधानाने म्हणाले, “थंडीत बराच सुधारतो हं.”